कॅप्टनच्या घुमटावरची डिश

हिवाळे कबरस्तानाचे सेक्रेटरी झाले, ते मीटिंगला गेले नाहीत म्हणून. त्या रविवारी उपासना आटोपून चर्चची कमिटी बसली, तेव्हा ते दिल्लीच्या द्वारकेतल्या नव्या फ्लॅटमध्ये गिझरवाल्याची वाट बघत होते. गिझरवाला आला नाही. सोमवारी पाळकसाहेबांचा फोन मात्र आला.

"हिवाळे, अभिनंदन! तुमची एकमताने निवड झाली."

"कशावर?"

"आपल्याकडे ते जुनं कबरस्तान आहे ना, गोऱ्या सोल्जरांचं? तुमच्या सेक्टरच्या मागेच आहे. दीडशे वर्षांत तिथे कुणाला पुरलेलं नाही, त्यामुळे काम काहीच नाही. फक्त लक्ष ठेवायचं."

श्यामकांत हिवाळे मूळचे अहमदनगरचे. वडील मिशनच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. मुलाने चित्राचा हात बापाकडून घेतला आणि त्या हाताच्या जोरावर तो दिल्लीत एका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला. चोवीस वर्षं नेताजीनगरच्या क्वार्टरमध्ये काढली, मग सोसायटीत नंबर लागला आणि सत्त्याण्णव साली द्वारकेत चौथ्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट येणार होती. रस्ता, बाजार, बस हेही सगळं येणारच होतं. आधी कोल्हे आले होते, पण ते कुणी ब्रोशरमध्ये लिहिलं नव्हतं.

ऑफिसातही नवा जमाना उगवला होता. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर बसले, आणि हिवाळ्यांनी दोन दिवस मान मोडून काढलेला जिना एक कालचा पोरगा दहा मिनिटांत काढून चहाला जाऊ लागला. हिवाळ्यांचं टेबल खिडकीशी सरकवलं गेलं. कुणी वाईट वागत नव्हतं. फक्त काम कुणी देत नव्हतं. त्यामुळे "लक्ष ठेवायचं" एवढं काम मिळालं तरी त्यांना मनातून बरंच वाटलं. शनिवारी सकाळी त्यांनी स्कूटरला किक मारली.

कबरस्तान शोधायला वेळ लागला नाही, कारण सेक्टरातल्या सगळ्या काळ्या केबलवायरी तिथूनच निघत होत्या. पडक्या भिंतीच्या आत पंचवीस-तीस कबरी, एक टोकदार मनोऱ्यासारखं थडगं, आणि मधोमध आठ खांबांवर उभा एक देखणा घुमट. मनोऱ्यापासून पहिल्या खांबापर्यंत दोरी बांधून कुणीतरी रजया वाळत घातल्या होत्या. दोन म्हशी सावलीत बसून रवंथ करत होत्या. आणि घुमटाच्या डोक्यावर, आकाशाकडे तोंड वासून, बारा फुटांची जाळीची डिश बसली होती.

घुमटाखाली बरोबर कबरीच्या उशाला टेबल, खुर्ची, पंखा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची खोकी. खुर्चीत तिशीचा एक दणकट गडी कानात काडी घालून बसला होता.

"आओ जी, कनेक्शन लेना है?"

"मैं इस कबरस्तान का सेक्रेटरी हूँ," हिवाळे म्हणाले. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारताना त्यांना जरा लाजच वाटली.

तो गडी ताडकन उठला आणि त्याने हिवाळ्यांच्या पायाला हात लावला. त्याचं नाव जगबीर. शेजारच्या गावचा. जमीन सेक्टरांत गेली, तेव्हा घरात म्हशी उरल्या आणि हा धंदा सुचला. तेव्हा इमारती जेमतेम उठत होत्या, आसपास घुमटाइतकं उंच दुसरं काही नव्हतं, म्हणून डिश वर चढली.

"पर साब, बेअदबी एक दिन नहीं की," जगबीर छातीवर हात ठेवून म्हणाला. "कप्तान बाबा को रोज अगरबत्ती, और सीझन में रोज एक खरबूजा."

"खरबूजा कशाला?" हिवाळ्यांच्या तोंडून मराठीच निघालं.

जगबीरने कबरीवरचा दगड दाखवला. गावात भाड्याने राहणाऱ्या एका शिकलेल्या पोराने तो वाचून सांगितलं होतं, की यात खरबुजाचं काहीतरी लिहिलंय. म्हणजे बाबांना खरबूज आवडत असणार. हिवाळ्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. इंग्रजी अक्षरं झिजली होती. नाव गेलं होतं, पलटण गेली होती, साल गेलं होतं. 'कॅप्टन' एवढं उरलं होतं आणि खालची एक ओळ. तिचा अर्थ असा, की सदर कॅप्टन खरबुजांच्या अतिसेवनाने देवाघरी गेले.

दगडावर अर्धं कापलेलं ताजं खरबूज ठेवलेलं होतं.

हिवाळ्यांना जगबीरला खरं सांगवलं नाही. ते वर बघू लागले. आणि मग बघतच राहिले. घुमटाच्या आतल्या अंगाला चुन्यात कोरलेली कमळाची पाकळी होती, नखाएवढ्या जाडीची, आणि अशा चौसष्ट पाकळ्या एका केंद्राभोवती इतक्या अचूक फिरवल्या होत्या की त्यांचा स्वतःचा कंपास त्यांना खिशात लाजल्यासारखा वाटला. पण त्या पाकळ्यांमधून एक भेग निघाली होती. वर जिथे डिशचे चार बोल्ट ठोकले होते, बरोबर तिथून.

"जगबीर, ही डिशची छतरी उतरवायला पाहिजे," ते हिंदीत म्हणाले. "नाहीतर पावसाळ्यात घुमट खाली येईल. तुझ्याच डोक्यावर."

जगबीरने एकदा वर पाहिलं, मग खुर्ची दीड फूट सरकवली. "अब ठीक है?"

घरी येऊन त्यांनी चंद्रप्रभाबाईंना सगळं सांगितलं. बाई डाळीला फोडणी देत होत्या.

"अहो, म्हणजे आपलं केबल त्या मढ्यावरून येतं?"

"मढ्यावरून नाही, घुमटावरून."

"घुमट म्हणजे?" सोफ्यावरून सृष्टीने विचारलं. ती कॉलेजात होती आणि तिचं मराठी दिल्लीच्या पाण्यात थोडं विरघळलं होतं.

"डोम, बेटा."

"अच्छा, डोम! तो बोलो ना डोम."

"ते उतरवणार म्हणताय," चंद्रप्रभाबाईंनी गॅस बारीक केला, "मग नऊची मालिका?"

"इतिहासाचा प्रश्न आहे, चंद्रा."

"तिच्या नवऱ्याला सगळं आठवायला लागलंय अपघातानंतर. तोही इतिहासाचाच प्रश्न आहे."

हिवाळ्यांनी सरकारी रस्ता धरला. चोवीस वर्षं त्यांनी तोच पाहिला होता. एका खात्याला पत्र लिहिलं, उत्तर आलं की ही वास्तू आमच्या यादीत नाही. दुसऱ्याला लिहिलं, त्यांनी कळवलं की जमीन आमची आहे पण कबरी नाहीत. तिसऱ्याने कळवलं, की मृत व्यक्तीच्या वारसाचा ना-हरकत दाखला जोडलेला नाही, तो जोडावा. हिवाळ्यांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि फाइलला लावलं. दर शनिवारी मात्र ते टेप, ओळंबा आणि ड्रॉइंगबोर्ड घेऊन घुमटाखाली बसत. खांबाखांबाचं माप घेतलं, पाकळी न पाकळी काढली. जगबीर टेपचं दुसरं टोक धरायचा आणि चहा मागवायचा. एखाद्या शनिवारी हिवाळे उशिरा पोचले, तर म्हणायचा, "साब, बाबा पूछ रहे थे."

एप्रिलात भेग बोटभर रुंद झाली. एक पाकळी सुटून खाली पडली, थेट अॅम्प्लिफायरवर, आणि ऐन मॅचमध्ये सेक्टरातले सगळे टीव्ही अर्धा तास काळे पडले. जगबीर धावतच हिवाळ्यांकडे आला.

"साब, उतार दूँगा. पर लगाऊँ कहाँ?"

हिवाळे सोसायट्या फिरले. एका सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, आमच्या टाकीवर डिश बसेल, पण टाकी रिकामी असते, वाऱ्याने हलली तर? दुसरा म्हणाला, वास्तुतज्ज्ञाला विचारून सांगतो. वास्तुतज्ज्ञ म्हणाला, ईशान्येला छतरी आली तर सोसायटीतल्या मुलींची लग्नं लांबतील. शेवटी हिवाळे आपल्याच गच्चीवर गेले, चारी बाजूंनी माप घेतलं, आणि बायकोला न विचारता जगबीरला हो म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला न विचारता घेतलेला हा पहिलाच निर्णय.

आता वेळ ठरवायची होती. रविवारी सकाळी पौराणिक मालिका. संध्याकाळी बातम्या आणि सिनेमे. चंद्रप्रभाबाईंनी वहीत सगळा आठवडा आखून दाखवला. राग आला होताच, पण नवऱ्याला वेळापत्रक जमणार नाही हेही त्यांना माहीत होतं.

"मंगळवारी दुपारी चार दहा ते साडेपाच," त्या म्हणाल्या. "तीन ते चार कालच्याचं रिपीट असतं, त्याला हात लावायचा नाही. आणि साडेपाचला चित्र दिसलं नाही, तर मी माहेरी जाईन."

"तुझं माहेर सोलापूरला आहे."

"म्हणून म्हणते, साडेपाच म्हणजे साडेपाच."

मंगळवारी बरोबर चार दहाला जगबीरचे चार भाऊ घुमटावर चढले. बोल्ट काढले, दोर बांधले, आणि ती प्रचंड जाळी हळूहळू खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उतरली. ट्रॉलीत ती मावेना, दोन्ही बाजूंना पंखासारखी बाहेर आली. पुढे स्कूटरवर हिवाळे हात वर करून वाट मोकळी करत होते, मागे सबंध रस्ता व्यापून डिश. समोरून येणारी एक मारुती बाजूला थांबली. आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली करून हात जोडले. त्यांना वाटलं, कसली तरी शोभायात्रा आहे.

चार मजले डिश चढवताना जिन्याचे सगळे कोपरे खरवडले गेले. पाच वाजून वीस मिनिटांनी ती गच्चीवर उभी राहिली. आता फक्त तिचं तोंड योग्य दिशेला करायचं होतं. जगबीर वर डिश फिरवू लागला, हिवाळे जिन्यात उभे राहिले आणि चंद्रप्रभाबाई टीव्हीसमोर.

"आया?" वरून जगबीर.

"आया?" जिन्यातून हिवाळे.

"मुंग्या!" आतून चंद्रप्रभाबाई.

"मुंगी आई है!" हिवाळ्यांनी वर कळवलं.

"कौन मुंगी?"

अशा मुंग्या सहा-सात मिनिटं येत होत्या. मध्येच एकदा रशियन भाषेतलं हवामान आलं. साडेपाचला दोन मिनिटं असताना चंद्रप्रभाबाई इतक्या जोरात "आया!" म्हणून किंचाळल्या की खालच्या मजल्यावरचे पंजाबी शेजारी लाठी घेऊन धावत आले. आले ते चहा घेऊनच गेले.

घुमट मोकळा झाला. त्याची किंमत मात्र हिवाळ्यांच्या घराने मोजली. त्या दिवसापासून सेक्टरात कुठेही चित्र हललं की लोक जगबीरला न शोधता हिवाळ्यांची बेल वाजवू लागले. कुणी सायगलबाई ब्लाउजवर ओढणी पांघरून, भाजीची कढई हातात घेऊनच येत. "भाई साहब, हीरो का मुँह हरा आ रहा है." हिवाळे गच्चीवर जात, डिशला एक धक्का देत आणि परत येत. कधी काम होई, कधी हीरो जांभळा होई.

आता भेग. ऑफिसातल्या इंजिनियरने सांगितलं, सिमेंट मारा. हिवाळ्यांना ते पटेना. चुन्याच्या अंगात सिमेंट घातलं तर चुना फुटेल, एवढं त्यांच्या मास्तर वडिलांकडून त्यांना माहीत होतं. शोध घेत घेत मेवातचा एक सत्तरीचा गवंडी सापडला, रमज़ानी मिस्त्री. त्याने घुमटावर चढून चुन्याचा एक कपचा तोडला आणि सरळ तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला.

"उड़द है इसमें," तो म्हणाला. "और बेल. गुड़ थोड़ा कम रखा कंजूसों ने."

त्याने यादी दिली. विटांची पूड, कळीचा चुना, गूळ, बेलफळं, उडदाची डाळ. हिवाळ्यांनी ती चर्चच्या कमिटीपुढे ठेवली. कमिटीने बराच वेळ कागदाकडे पाहिलं.

"हिवाळे," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"डाळ बांधकामासाठी आहे."

"पण मंडळीला काय सांगायचं? की कॅप्टनला डाळ लागते?"

शेवटी मंडळीतल्या बायकांनीच मार्ग काढला. पुढच्या रविवारी प्रत्येकीने घरून एक-एक वाटी डाळ आणली. एकीने चुकून तूर आणली, ती रमज़ानीने शिजवून खाल्ली.

डाळ दळून, गूळ आणि बेलाचा गर कालवून मोठ्या ड्रममध्ये भिजत घातलं. चुना अजून वेगळाच होता. रमज़ानी म्हणाला, चार दिवस हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हिवाळे येऊन बघतात तो ड्रम रिकामा, तळ चाटूनपुसून चकचकीत, आणि शेजारी जगबीरच्या दोन्ही म्हशी मिशांना गूळ लावून अत्यंत समाधानाने बसलेल्या. रमज़ानीने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. जगबीर हात जोडून उभा राहिला.

"मिस्त्रीजी, माफी. पर एक बात बताओ."

"क्या?"

"नुस्खा क्या था? आज दूध दो लोटे ज्यादा दिया है."

नव्याने डाळ गोळा झाली, या वेळी जगबीरच्या घरून. ड्रमवर झाकण आणि झाकणावर रमज़ानी, असा बंदोबस्त झाला. महिनाभर काम चाललं. भेगेतला भुगा खरवडून चुना भरला, ओली पोती पांघरली. पडलेली पाकळी हिवाळ्यांच्या ड्रॉइंगवरून नवी घडवली. रमज़ानी कागद उलटसुलट करून बघत म्हणाला, "साहब, हाथ साफ है आपका." ऑफिसात तीन वर्षांत कुणी हे म्हटलं नव्हतं. हिवाळे काहीतरी पडल्यासारखं करून खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रमज़ानी म्हणाला, "अब पानी मारो ऊपर. खूब सारा. रिसेगा तो अभी पता चलेगा." हिवाळ्यांनी टँकर सांगितला.

आता त्या उन्हाळ्यात द्वारकेत टँकर म्हणजे काय चीज होती, ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. नळाला हवा येई. सोसायट्यांत बायका बादल्यांची रांग लावून ठेवत आणि टँकरचा भोंगा वाजला की पुरुष लुंगीवर धावत. तो टँकर सेक्टरात शिरला, चार सोसायट्यांसमोरून थांबल्याशिवाय गेला आणि कबरस्तानाकडे वळला, तेव्हा काय होणार होतं ते हिवाळ्यांच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष घुमटात होतं.

जगबीरने पाइप धरून घुमटावर पाण्याचा लोट सोडला. हिवाळे आणि रमज़ानी आत जाऊन कबरीच्या दोन बाजूंना वर तोंड करून बसले. बाहेर आधी बारीक गलका ऐकू आला. मग मोठा.

"मुर्दे को नहला रहे हैं और यहाँ जिंदों के पास पीने को नहीं!" सायगलबाईंचा आवाज.

"बंद करो पाइप!"

हिवाळे उठणार, तेवढ्यात एक ओळखीचा आवाज चढला. चंद्रप्रभाबाई कमरेला पदर खोचून भिंतीवर उभ्या होत्या.

"अरे, ओरडता काय? पाणी वाहून कुठे चाललंय? वळचणीखाली बादल्या लावा की! आठ कोपरे हैं, आठ लाइन बनाओ!"

मग बादल्यांचा असा काही खणखणाट झाला की खांब दणाणले. घुमटावरून उतरलेलं पाणी आठही कोपऱ्यांतून धारांनी पडत होतं, आणि प्रत्येक धारेखाली रांग. बादल्या, डबे, प्रेशर कुकर, एक कूलरची टाकी, एका गृहस्थांकडे तर फक्त हेल्मेट. जगबीर वरून ओरडत होता, "धक्का नहीं! बाबा सबको देंगे!" टँकर संपत आला, तेव्हा लोकच म्हणू लागले, और डालो, टेस्ट अच्छे से करो. दुसरा टँकर लोकांनी मिळून मागवला.

आत हिवाळे आणि रमज़ानी तोंड वर करून बसलेलेच होते. पाऊण तास झाला. एक थेंब नाही. रमज़ानीने हात पुढे केला आणि नव्या पाकळीखाली तळवा धरून ठेवला. तळवा कोरडा.

"हो गया, साहब," तो म्हणाला.

हिवाळ्यांची मान मात्र अवघडून वरच राहिली होती. ती चंद्रप्रभाबाईंनी घरी बाम लावून दुसऱ्या दिवशी सरळ केली. त्या रात्री अख्ख्या सेक्टरात भाताला चुन्याची चव होती आणि कुणी तक्रार केली नाही.

रमज़ानी मेवातला परत गेला. पुढे काही वर्षांनी केबलच्या मोठ्या कंपन्या आल्या, डिश भंगारात गेली आणि जगबीर प्रॉपर्टी डीलर झाला. हिवाळे निवृत्त झाले, त्या दिवशी ऑफिसने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी जाताना घुमटाची सतरा ड्रॉइंगं खात्याच्या लायब्ररीला दिली. लायब्ररियनने पोच दिली: 'सतरा नग, विषय: इतर.'

मेट्रो द्वारकेला आली त्याच्या पुढच्या वर्षी दोन तरुण मुली कबरस्तानात उभ्या दिसल्या. एक शिवांगी, एक मीनाक्षी. जुन्या इमारतींची यादी करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या. हातात छापील फॉर्म. हिवाळे झाडाखाली स्टुलावर वर्तमानपत्र वाचत होते.

"अंकल, आप यहाँ के केअरटेकर हैं?"

"सेक्रेटरी," हिवाळे म्हणाले. या वेळी लाज वाटली नाही.

मुलींनी रकाने भरले. बांधकाम, चुना आणि वीट. अवस्था, उत्तम. मीनाक्षीने मान वर करून पाकळ्या मोजल्या आणि चौसष्ट लिहिल्या. त्यांतली नवी कोणती, ते तिला ओळखता आलं नाही. हिवाळ्यांनी सांगितलंही नाही.

"और अंकल, प्रेझेंट यूज? सध्या याचा वापर काय?"

हिवाळ्यांनी घुमटाकडे पाहिलं. रजया नव्हत्या, खोकी नव्हती, वायर नव्हती. खांबांच्या मधून सरळ पलीकडचं गवत दिसत होतं आणि वाऱ्याने ते हलत होतं.

"काही नाही," ते मराठीतच म्हणाले. मग मुलींना कळावं म्हणून हिंदीत, अगदी सावकाश, पुन्हा म्हणाले, "कुछ भी नहीं. लिखिए."

शिवांगीने लिहिलं, आणि त्यांनी फॉर्म मागून घेऊन तिने नीट लिहिलंय ना ते पाहिलं.